डॉ. रखमाबाई : जुन्या वळणाच्या पानावर एक खरे आयुष्य



या सत्रात आठवी-नववीच्या वर्गांना चित्रकला आणि इतिहास या दोन्ही विषयांचा मिळून एक उपक्रम दिला आहे. वैद्यकाच्या इतिहासातील एक व्यक्ती निवडायची आणि तिच्यावर चिकटवहीचे एक मोठे पान तयार करायचे. पान शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचे वाटले पाहिजे. कागद पिवळसर, अक्षर टाकाने काढलेले, कडेला औषधाच्या बाटलीचे किंवा वनस्पतीचे चित्र, मध्ये एखादा शिक्का, एखादी चिठ्ठी. गुण कसे देणार तेही आधीच सांगून ठेवतो. दहापैकी चार गुण पानाच्या देखणेपणाला आणि सहा गुण पानावरच्या प्रत्येक गोष्टीच्या खरेपणाला. चहाच्या पाण्याने कागद जुना दिसतो, पण त्यावर लिहिलेली गोष्ट त्यामुळे खरी होत नाही.

नमुन्यासाठी आम्ही डॉ. रखमाबाईंचे आयुष्य निवडले आहे. त्याला दोन कारणे आहेत. पहिले असे की त्या मुंबईच्या मराठी घरात वाढल्या आणि त्यांच्या डॉक्टरकीची जवळजवळ सारी वर्षे गुजरातेत, सुरत आणि राजकोट येथे गेली. पिढ्यान्‌पिढ्या वडोदऱ्यात राहिलेल्या आपल्या कुटुंबांना त्या परक्या नाहीत. दुसरे कारण असे की त्यांचे नाव निघाले की लोक त्यांच्या कोर्टातल्या खटल्याबद्दल बोलतात. खटला चार वर्षे चालला. त्यांचे दवाखान्यातले काम पस्तीस वर्षे चालले. ही पस्तीस वर्षे बहुतेक पानांवर येतच नाहीत, आणि ती यावीत अशी आमची इच्छा आहे.

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबईत झाला. आईचे नाव जयंतीबाई, वडिलांचे जनार्दन पांडुरंग. वडील रखमाबाईंच्या लहानपणीच वारले. जयंतीबाई तेव्हा अगदी तरुण होत्या. त्यांच्या समाजात विधवेच्या पुनर्विवाहाला मनाई नव्हती, म्हणून काही वर्षांनी त्यांचा विवाह डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी झाला. हे सावत्र वडील मुंबईतील नामांकित डॉक्टर आणि वनस्पतींचे अभ्यासक होते. औषधी वनस्पतींवर त्यांनी लेखन केले. १८८३ मध्ये मुंबईत नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली तेव्हा आठ संस्थापकांत दोन भारतीय होते, त्यांपैकी एक सखाराम अर्जुन. म्हणून रखमाबाईंच्या पानाच्या डाव्या कोपऱ्यात एखादी औषधी वनस्पती शोभेल. अडुळसा काढा, गुळवेल काढा, पण पान, फूल आणि खोड पाहून काढा. या मुलीचे बालपण अशा अभ्यासकाच्या घरात गेले, हे त्या एका फांदीवरून कळेल.

घर शिकलेले असले तरी काळ जुनाच होता. अकराव्या वर्षी रखमाबाईंचे लग्न झाले. नवरा दादाजी भिकाजी तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. लग्नानंतरही रखमाबाई सावत्र वडिलांच्याच घरी राहिल्या. दादाजींनी शिकावे, मार्गी लागावे अशी अपेक्षा होती. त्यांनी शिक्षण सोडले आणि ते मामाकडे राहू लागले. इकडे रखमाबाईंची शाळा सुटली होती, तरी मिशनच्या वाचनालयातून पुस्तके आणून त्या घरीच वाचत राहिल्या. मुलींनो, आठवीच्या वर्गात आज तुमचे जे वय आहे त्या वयात ही मुलगी दोन-तीन वर्षांची विवाहिता होती, आणि पुस्तक हातात राहावे म्हणून धडपडत होती.

१८८४ मध्ये दादाजींनी पत्नीला आपल्याकडे पाठवावे अशी मागणी केली. रखमाबाईंनी जाण्यास नकार दिला. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. रखमाबाईंची बाजू साधी होती. ज्या वयात आपल्याला काही समजत नव्हते त्या वयात हा विवाह लावला गेला, आपली त्याला संमती नव्हती, म्हणून त्या संसारात जाण्याची सक्ती आपल्यावर होऊ नये. १८८५ च्या सप्टेंबरात न्यायमूर्ती पिन्ही यांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. याच वर्षी टाइम्स ऑफ इंडियात बालविवाहाविरुद्ध दोन पत्रे छापून आली होती. खाली नाव नव्हते, फक्त एक हिंदू स्त्री एवढीच ओळख होती. ती लिहिणारी रखमाबाई होती हे पुढे लोकांना कळले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये सखाराम अर्जुन वारले आणि घरातला मोठा आधार गेला.

दादाजींनी अपील केले. १८८६ मध्ये अपिलात पहिला निकाल फिरवला गेला आणि खटला पुन्हा सुनावणीला आला. ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी आदेश दिला की रखमाबाईंनी महिन्याभरात नवऱ्याच्या घरी जावे, नाहीतर सहा महिने तुरुंगवास भोगावा. बावीस वर्षांच्या रखमाबाईंनी तुरुंगात जाण्याची तयारी दाखवली.

येथे थोडे थांबू. याच दिवसांत, म्हणजे २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, पुण्यात डॉ. आनंदीबाई जोशी वारल्या होत्या. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या, पण क्षयाने एकविसाव्या वर्षीच गेल्या. कोल्हापूरच्या रुग्णालयात नेमणूक होऊनही त्यांना काम सुरू करता आले नाही. आनंदीबाई गेल्या आणि सहाच दिवसांनी रखमाबाईंवर तुरुंगाचा आदेश आला. दोघींच्या जन्मात चार महिन्यांचे अंतर. एकीची डॉक्टरकी सुरू होण्याआधी संपली, दुसरीची अजून सुरूही झाली नव्हती. पानावर या दोन तारखा शेजारी शेजारी लिहिल्या तरी वाचणारा थांबेल.

या खटल्यात समाज दोन बाजूंना वाटला गेला. रखमाबाईंच्या मदतीला उभ्या राहिलेल्यांत बेहरामजी मलबारी होते. हे पारशी समाजसुधारक आपल्या वडोदऱ्यातच १८५३ मध्ये जन्मले आणि सुरतेत वाढले. पंडिता रमाबाईंनीही त्यांची बाजू घेतली. दुसऱ्या बाजूला लोकमान्य टिळक होते. केसरीतून त्यांनी रखमाबाईंच्या विरोधात लिहिले. परकीय सरकारने आणि त्याच्या कोर्टांनी आपल्या धर्मात व घरात हात घालू नये, अशी त्यांची भूमिका होती. गणेशोत्सवात आपण ज्यांचे स्मरण करतो त्या टिळकांचे नाव अशा पानावर लिहावे की नाही, असे काही मुलांनी विचारले. आमचे उत्तर असे की लिहावे. टिळकांचे मोठेपण त्यामुळे कमी होत नाही, आणि ते लपवले तर रखमाबाई कोणासमोर उभ्या राहिल्या हे कळत नाही. ज्यांचा शब्द सारा महाराष्ट्र मानत होता, त्यांच्या विरोधात एक तरुण मुलगी आपले म्हणणे सोडत नव्हती. इतिहासाच्या पानावर दोन्ही बाजू लिहिण्याची सवय शाळेतच लागली पाहिजे.

शेवटी जुलै १८८८ मध्ये तडजोड झाली. दादाजींनी दोन हजार रुपये घेऊन हक्क सोडला. तुरुंग टळला. पुढे १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा झाला आणि वयाची मर्यादा दहावरून बारा झाली. त्याआधीच्या चर्चेत रखमाबाईंच्या खटल्याचा मोठा वाटा होता. आपल्या बडोदा संस्थानात महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १९०४ मध्ये बालविवाह प्रतिबंधक कायदा केला. ब्रिटिश मुलुखात तसा कायदा, म्हणजे शारदा कायदा, १९२९ मध्ये आला. संस्थानाने तो पंचवीस वर्षे आधी केला होता, ही गोष्ट दांडिया बाजारात राहणाऱ्या प्रत्येक मुलाला ठाऊक असावी.

खटला संपला. बहुतेक गोष्टी येथे थांबतात. रखमाबाई तेव्हा तेवीस वर्षांच्या होत्या आणि अजून सदुसष्ट वर्षे जगणार होत्या.

मुंबईच्या कामा रुग्णालयात डॉ. एडिथ पीची या इंग्रज डॉक्टर होत्या. १८६९ मध्ये एडिंबरा विद्यापीठात वैद्यक शिकण्यासाठी प्रवेश मिळवणाऱ्या ज्या सात स्त्रिया प्रसिद्ध आहेत, त्यांपैकी त्या एक. त्या विद्यापीठाने अखेर त्यांना पदवी दिली नव्हती. अडवणूक म्हणजे काय हे त्यांना ठाऊक होते. त्यांनी रखमाबाईंना उत्तेजन दिले, विलायतेत शिकण्यासाठी पैसा उभा करण्यात मदत केली. १८८९ मध्ये रखमाबाई लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयात दाखल झाल्या. ही संस्था १८७४ मध्ये, म्हणजे त्यांच्या प्रवेशाच्या पंधराच वर्षे आधी सुरू झाली होती. त्या लंडनमध्ये शिकत असताना १८९० मध्ये इकडे आपल्या भागातले कलाभवन सुरू झाले. १८९४ मध्ये परीक्षा पूर्ण करून रखमाबाई डॉक्टर झाल्या आणि हिंदुस्थानात परतल्या. आपल्या देशात प्रत्यक्ष डॉक्टरकी केलेल्या अगदी पहिल्या भारतीय स्त्रियांत त्यांची गणना होते.

१८९५ च्या सुमारास त्या सुरतेच्या स्त्रियांच्या रुग्णालयात रुजू झाल्या. त्या काळी अनेक घरांत बाई आजारी पडली तरी तिला पुरुष डॉक्टरला दाखवत नसत. म्हणूनच १८८५ मध्ये व्हाइसरॉयच्या पत्नी लेडी डफरिन यांच्या नावाने निधी निघाला आणि स्त्रियांसाठी दवाखाने व स्त्री-डॉक्टर यांची सोय गावोगाव होऊ लागली. पण दवाखाना उघडला म्हणून बायका येत नाहीत. बाळंतपण घरातच, अंधाऱ्या खोलीत होत असे. रुग्णालय म्हणजे मरायला जाण्याची जागा, असा समज होता. रखमाबाईंची एक गोष्ट सुरतेत सांगितली जाते. बायका बाळंतपणासाठी येईनात, तेव्हा त्यांनी एक गाभण शेळी रुग्णालयात आणवली आणि तिथेच तिची सुटका केली. शेळी आणि पिल्लू दोन्ही सुखरूप आहेत हे लोकांनी पाहिले आणि हळूहळू बायका येऊ लागल्या. आमच्या मते पानाच्या मधोमध शेळीचेच चित्र असावे. कोर्टाचा शिक्का कोपऱ्यात चालेल.

सुरक्षित बाळंतपण एवढे महत्त्वाचे का होते, हे मोठ्या मुलांनी समजून घ्यावे. व्हिएन्नाच्या रुग्णालयात सेमेलवाइस या डॉक्टरांनी १८४७ मध्ये दाखवून दिले होते की डॉक्टरांनी जंतुनाशक पाण्याने हात धुतले तर बाळंतिणींचे मृत्यू एकदम कमी होतात. लोकांनी त्यांचे ऐकले नाही. पुढे १८६७ मध्ये जोसेफ लिस्टर यांनी कार्बोलिक आम्ल वापरून शस्त्रक्रियेतील जखमा स्वच्छ ठेवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. रखमाबाई लंडनमध्ये शिकल्या तोवर स्वच्छता हा वैद्यकाचा पाया मानला जाऊ लागला होता. हे ज्ञान त्यांनी सुरतेच्या गल्लीत आणले. त्यांच्याकडे येणाऱ्या बायका गुजराती बोलत. मराठीत वाढलेली आणि इंग्रजीत डॉक्टर झालेली ही बाई आयुष्यभर गुजराती बायकांच्या उशाशी बसून त्यांची दुखणी ऐकत होती. घरात मराठी आणि बाजारात गुजराती बोलणाऱ्या आपल्या मुलांना या कामाची किंमत कोणी वेगळी सांगायला नको.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि पुढच्या वर्षी गुजरातेतही पसरला. लोक गावे सोडून पळत होते. हाफकिन यांनी मुंबईत लस तयार करून जानेवारी १८९७ मध्ये ती प्रथम स्वतःला टोचून घेतली, तो हाच काळ. साथीच्या दिवसांत रखमाबाई आपल्या कामावर राहिल्या. २०२० मध्ये करोनाच्या वेळी डॉक्टर आणि परिचारिका कशा कामावर जात होत्या हे तुम्ही लहान असताना पाहिले आहे, त्यामुळे याचा अर्थ तुम्हाला कळेल.

सुरतेत त्यांची वीसहून अधिक वर्षे गेली. १९१७-१८ च्या सुमारास त्या राजकोटच्या जनाना रुग्णालयात गेल्या आणि १९२९-३० पर्यंत तेथे राहिल्या. निवृत्तीच्या वेळी त्यांचे वय पासष्ट होते. त्या वयातही पडदा पद्धत बंद व्हावी यासाठी त्यांनी १९२९ मध्ये पुस्तिका लिहिली. आणखी एक गोष्ट चरित्रकारांनी नोंदवली आहे. दादाजी भिकाजी १९०४ मध्ये वारले, त्यानंतर रखमाबाई विधवेसारख्या पांढऱ्या वस्त्रांत राहिल्या. ज्या विवाहाला त्यांनी कोर्टात मानले नाही, त्याचे हे चिन्ह त्यांनी का धरले असेल? याचे एकच उत्तर द्यायला आम्ही तयार नाही. मुलांनी वर्गात यावर चर्चा करावी. माणसाचे आयुष्य घोषणेसारखे सरळ नसते, हे शिकण्यासाठी हे उदाहरण फार चांगले आहे.

२५ सप्टेंबर १९५५ रोजी, नव्वद वर्षांच्या असताना, रखमाबाई मुंबईत वारल्या. ज्या मुलीला बावीसाव्या वर्षी तुरुंगाची भीती दाखवली गेली, तिने स्वतंत्र भारताची आठ वर्षे पाहिली. त्याच १९५५ मध्ये हिंदू विवाह कायदा झाला आणि हिंदू स्त्रीला घटस्फोटाचा हक्क देशभर कायद्याने मिळाला. तो मे महिन्यात लागू झाला, म्हणजे त्यांच्या हयातीत.

आता पान कसे करावे ते सांगतो. जाड ड्रॉइंग पेपर घ्यावा. दोन चमचे चहापूड पाण्यात उकळून, गाळून, गार करावी. रुंद ब्रशाने कागदावर लावावी, कडांना दुसरा हात द्यावा. सावलीत वाळवावा आणि मोठ्या माणसांच्या मदतीने उलट्या बाजूने हलकी इस्त्री फिरवावी. कॉफीचे दोन-चार थेंब पडले तर डाग जुने दिसतात. लेखन टाकाने किंवा बोरूने, काळ्या किंवा तपकिरी शाईने करावे. कडा जाळू नयेत, हाताने थोड्या फाडाव्यात. घरच्या ट्रंकेतले मोडीचे कागद, पणजोबांची पत्रे, जुन्या पावत्या कोणीही कापू नये. त्यांची झेरॉक्स काढून ती चिकटवावी आणि मूळ कागद होता तिथे परत ठेवावा.

चित्रे त्या काळातलीच असावीत. औषधाची काचेची बाटली काढा, तिच्यावर डोसांच्या खुणांची कागदी पट्टी डकवा. लाकडी नळीचा स्टेथोस्कोप चालेल, तो १८१६ मध्ये फ्रान्समध्ये निघाला. क्ष-किरणाचे चित्र काढायचे असेल तर १८९५ नंतरच्या भागात काढा, कारण त्याचा शोध त्या वर्षी लागला. प्लास्टिकची सिरिंज दिसली तर गुण कापले जातील. पानाची दहा सारखी घरे पाडा. एक घर खटल्याला, एक बालपणाला, एक लंडनला. सात घरे सुरत आणि राजकोटला द्या. ती कशाने भरायची असा प्रश्न पडेल. रांगेत बसलेल्या बायका, कढत पाण्याची पातेली, पाळणे, रात्री पेटलेला कंदील, नोंदवही, तेच दार रोज उघडणारी एक बाई. सात घरांत तेच तेच येऊ द्या. पस्तीस वर्षांचे काम असेच दिसते.

पालकांना एक विनंती आहे. पानाच्या मागच्या बाजूस प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या आईची, दोन्ही आजींची आणि माहीत असल्यास पणजींची नावे लिहून त्या कोणत्या इयत्तेपर्यंत शिकल्या आणि शाळा का सुटली हे विचारून लिहायचे आहे. मुले विचारतील तेव्हा मोकळेपणाने सांगावे. दहावीनंतर मुलीला पुढे शिकवायचे की नाही, याचा विचार आजही काही घरांत होतो आणि मुलाच्या बाबतीत तो होत नाही, हे आम्ही दरवर्षी पाहतो. तो विचार करण्याआधी घरातल्या मुलीने केलेले पान दोन्ही बाजूंनी वाचावे. उपक्रम मुलग्यांसाठीही आहे आणि त्यांनीही मागची बाजू भरायची आहे.

पाने १५ नोव्हेंबरपर्यंत वर्गशिक्षकांकडे द्यावीत. २२ नोव्हेंबर या रखमाबाईंच्या जन्मदिनी ती सभागृहात मांडली जातील. ती भिंतीला न चिकटवता दोरीवर टांगू, म्हणजे येणाऱ्यांना पाठीमागचा मजकूरही वाचता येईल. पालक आणि विश्वस्तांनी वेळ काढून यावे, आणि शक्य असेल तर घरातल्या आजींना बरोबर आणावे.